डी कमी, पीटीएच जास्त: आईंच्या रिपोर्टात आधी कॅल्शियम वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ५८ वर्षांच्या, नाशिकला असतात. सहा-आठ महिन्यांपासून त्यांच्या मांड्या भरून येतात, पाटावरून उठताना हाताचा टेकू लागतो, जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी ११, पीटीएच (मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हॉर्मोन) १४२, कॅल्शियम १०.१. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ‘डी कमी आहे म्हणून पीटीएच वाढलंय, डीची ६० हजार युनिटांची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे.’ दुसऱ्या डॉक्टरांनी मानेचा स्कॅन लिहून दिला आणि गाठ निघाली तर ऑपरेशन असं सांगितलं. दोघांतलं कोणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, २०१८ साली आईंना मुतखडा झाला होता असंही लिहिलंय.

त्या शेवटच्या ओळीसाठी आभार. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मी हॉर्मोनचा डॉक्टर आहे आणि २२ वर्षं हेच रिपोर्ट बघतोय. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे खाली जे लिहितोय तो माझा विचार करण्याचा क्रम समजा. औषधाची चिठ्ठी त्यांच्या डॉक्टरांनीच लिहायची.

पीटीएच वाढलंय यावर दोन्ही डॉक्टरांचं एकमत आहे. ते वाढायला कारण होतं, की ते विनाकारण वाढलंय, एवढंच ठरवायचं आहे. गंमत म्हणजे हे ना पीटीएचच्या आकड्यावरून ठरतं, ना डीच्या. ते कॅल्शियमवरून ठरतं, आणि आईंचं कॅल्शियम ‘नॉर्मल’ म्हणून सगळ्यांनी बाजूला ठेवलंय.

सोसायटीतली पाण्याची व्यवस्था डोळ्यांसमोर आणा. महापालिकेचं पाणी खालच्या हौदात येतं. पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पंप बंद पडतो. रक्तातलं कॅल्शियम म्हणजे ही गच्चीवरची टाकी. हाडं म्हणजे खालचा हौद. पीटीएच म्हणजे पंप. आणि अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून आत ओढून घेणारं व्हिटॅमिन डी म्हणजे पालिकेच्या पाण्याचा दाब.

आता दाबच कमी झाला तर काय होईल? पंप जास्त वेळ चालेल, हौद उपसेल आणि टाकीची पातळी कशीबशी टिकवेल. पातळी टिकेल, पण खालच्या अंगाला. इथे पंपाचा काही दोष नाही, तो बिचारा आपलं काम करतोय. ही झाली डीची कमतरता आणि तिच्यामुळे वाढलेलं पीटीएच.

दुसरा प्रकार म्हणजे फ्लोट बिघडला. टाकी काठोकाठ भरली तरी पंप चालूच, पाणी ओसंडून भिंतीवरून खाली येतंय. हा पॅराथायरॉइडचा स्वतःचा आजार. मराठी पुस्तकांत या ग्रंथींना परावटु म्हणतात, ओपीडीत मात्र मी तो शब्द एकदाही ऐकलेला नाही. थायरॉइडच्या मागे मसुराच्या दाण्याएवढ्या, साधारणपणे चार असतात. त्यांतली एखादी वाढते, तिच्यात साधी गाठ होते आणि ती कॅल्शियमला न जुमानता पीटीएच सोडत राहते.

आणि तिसरा प्रकार, जो आपल्याकडे सगळ्यांत जास्त फसवतो: दाबही कमी आणि फ्लोटही बिघडलेला. पंप अखंड चालूय, पण मुळात पाणीच कमी, म्हणून टाकी ओसंडत नाही. गच्चीवर जाऊन बघणारा म्हणतो, ‘पातळी अगदी बरोबर आहे.’ हौदाचा मात्र तळ दिसायला लागलेला असतो.

आईंच्या रिपोर्टात मला या तिसऱ्या प्रकाराची शंका येते. का, ते सांगतो.

तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत अल्ब्युमिन ३.५ आहे. रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटून फिरतं. शरीराच्या कामाचं असतं ते सुटं कॅल्शियम. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियम खोटंच कमी दिसतं. म्हणून आम्ही एक साधं गणित करतो: ४ मधून अल्ब्युमिन वजा करायचं, येईल त्याला ०.८ ने गुणायचं आणि ते मोजलेल्या कॅल्शियममध्ये मिळवायचं. इथे ०.५ गुणिले ०.८ म्हणजे ०.४. १०.१ मध्ये ०.४ मिळवले की १०.५. तुमच्या लॅबची वरची मर्यादा १०.२ आहे. म्हणजे ज्या आकड्यापुढे लॅबने तारा छापला नाही, तोच आकडा मर्यादेच्या बाहेर आहे.

हे सूत्र ठोकताळ्यासारखंच आहे, हे मान्य. आयोनाइज्ड, म्हणजे सुटं, कॅल्शियम थेट मोजता आलं तर उत्तम. पण त्या नमुन्याला हवा लागू द्यायची नसते आणि तो लगेच तपासावा लागतो, त्यामुळे घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाकडून ही तपासणी करून घेऊ नका. ज्या हॉस्पिटलमध्ये आयसीयूसाठी ते यंत्र आहे, तिथे जाऊनच रक्त द्या.

बरं, सूत्र घटकाभर बाजूला ठेवू, १०.१ च खरं धरू. तरीही माझी शंका जात नाही. डी ११ वर घसरल्यामुळे पीटीएच १४२ पर्यंत चढलं असेल, तर कॅल्शियम ९ च्या आसपास किंवा त्याखाली दिसायला हवं. कॅल्शियम खाली खेचलं जातंय म्हणून तर पंप जोरात चालतो! इथे टाकी जवळजवळ भरलेली आहे आणि तरीही पंप दुप्पट वेगाने चालू आहे. निरोगी ग्रंथींनी १०.५ कॅल्शियम पाहिलं की त्या गप्प बसतात, पीटीएच १५ ते ६५ या नेहमीच्या पट्ट्यात तळाशी जातं. म्हणूनच कॅल्शियम ११ आणि पीटीएच ५० असा रिपोर्ट आला तर तोही आजारच असतो, जरी पीटीएचपुढे लॅबने नॉर्मल लिहिलं असलं तरी. हे दोन आकडे एकाच वेळी काढलेल्या रक्तातले हवेत आणि शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवेत. कॅल्शियम जानेवारीतलं आणि पीटीएच मार्चमधलं, अशी जोडी मला दर आठवड्याला कोणीतरी दाखवतं. तिचा काही उपयोग होत नाही.

‘पण डॉक्टर, डी तर खरंच कमी आहे ना?’ हा पुढचा प्रश्न. हो, आहे. पण डी कमी आहे म्हणून पॅराथायरॉइड निर्दोष ठरत नाही. एकतर आपल्या शहरांत डी कमी असणं इतकं सर्रास आहे की कोणत्याही आजाराच्या पेशंटचं तपासलं तर बऱ्याच जणांचं कमीच निघेल. उन्हाचा देश म्हणतो आपण, पण त्वचेत डी तयार करणारे किरण मुख्यतः सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत मिळतात, आणि त्या वेळी आपण सावली शोधत असतो. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. पीटीएच वाढलं की ते मूत्रपिंडाला हुकूम देतं: साठवणीतलं डी वापरून त्याचं तेज रूप बनव. साठवण त्यामुळे लवकर संपते, आणि आपण रिपोर्टात मोजतो ती साठवणच. म्हणजे पॅराथायरॉइडचा आजार स्वतःच डी कमी करतो. कारण आणि परिणाम इथे एकमेकांच्या पाठीवर बसलेले असतात.

तुमच्या मेलबर्नच्या मावशींचं डी ५० आहे आणि तिथले डॉक्टर ठीक म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. तो आकडा वेगळ्या एककातला आहे. त्याला २.५ ने भागा, म्हणजे २० येतील. तिकडचं कॅल्शियमही मिलीमोलमध्ये असतं, त्याला ४ ने गुणलं की आपल्या आकड्याजवळ येतं. घरच्या घरी तुलना करताना एवढं सांभाळा.

आता बाकीचे आकडे. फॉस्फरस २.६ आहे, अल्कलाइन फॉस्फटेज १६८. फॉस्फरस खालच्या काठावर, फॉस्फटेज वाढलेलं. हे दोन्ही आजारांत होतं, त्यामुळे ते मला निवाडा करायला मदत करत नाहीत. हाडांमध्ये काहीतरी चाललंय, एवढीच साक्ष देतात. क्रिएटिनिन ०.८ आहे ही चांगली बातमी, कारण मूत्रपिंड दमलं की त्यानेही पीटीएच वाढतं आणि मग सगळा विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. लक्षणांचंही तसंच. मांड्यांची ताकद जाणं, जमिनीवरून उठता न येणं, हाडं ठणकणं हे डीच्या तीव्र कमतरतेचं नेहमीचं चित्र आहे, आणि पॅराथायरॉइडमध्येही ते दिसतं. लक्षणांवरून हे दोन वेगळे करता येतात असं जो छातीठोकपणे सांगेल, त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

एक अपवाद: मुतखडा.

केवळ डी कमी असलेल्या माणसाच्या लघवीत कॅल्शियम फार उतरत नाही. शरीर कंजूष झालेलं असतं, २४ तासांत १०० मिलिग्रॅमच्या आतच जातं. पॅराथायरॉइडच्या आजारात उलट, रक्तात कॅल्शियम जास्त, म्हणून मूत्रपिंडातून गळतंही जास्त, आणि त्यातून खडे होतात. मुतखडा आपल्याकडे इतका सामान्य आहे की एका खड्यावरून मी कोणावर आरोप ठेवणार नाही. उन्हाळा, कमी पाणी, घरातला कल, अशी साधी कारणंच बहुधा असतात. पण पन्नाशीच्या आसपास खडा, मग ५८ व्या वर्षी हाडांचं दुखणं, काठावरचं कॅल्शियम आणि दुप्पट पीटीएच, हे एका ओळीत मांडलं की मी खुर्चीत पुढे सरकून बसतो. २०१८ मध्ये कदाचित फ्लोट आधीच बिघडलेला होता. तेव्हा डी बरं असेल तर कॅल्शियमही जास्त असू शकेल. त्या वेळी कोणी तपासलं होतं का, हा मला पडलेला प्रश्न आहे.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे ‘डी तर द्यायचंच आहे, मग पुडी सुरू करायला काय हरकत?’ याचं उत्तर मिळेल. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत साधारण आईंच्याच वयाच्या एक शिक्षिका आल्या होत्या. डी ९, कॅल्शियम १०.३, पाय दुखतात. मी पीटीएच तपासलं नाही. डी कमी, हाडं दुखतात, उत्तर समोर आहे असं वाटलं. ६० हजारांची पुडी दर आठवड्याला, सोबत कॅल्शियमची गोळी, दोन महिन्यांनी या. त्या सातव्या आठवड्यातच आल्या, मुलाच्या खांद्याचा आधार घेत. तहान थांबत नाही, रात्री पाच-सहा वेळा लघवी, उलट्या, बोलताना मध्येच हरवत होत्या. कॅल्शियम १२.९. सलाइन लावून ते उतरवलं, मग पीटीएच मागवलं, तीनशेच्या वर. मानेत गाठ होती. मी नळाचा दाब वाढवला होता आणि फ्लोट तपासलाच नव्हता. त्या बऱ्या झाल्या, आजही दिवाळीला फराळ पाठवतात, पण तो डबा उघडताना मला दरवेळी तो सातवा आठवडा आठवतो.

यावरून डी देऊच नये असा अर्थ मात्र काढू नका. पूर्वी काही डॉक्टर तसं करायचे. पॅराथायरॉइडची शंका आली की डी बंद. तेही चूक होतं. डी कमी राहिलं की पीटीएच आणखी चिडतं, हाडं आणखी झिजतात. आज आमच्यात यावर बऱ्यापैकी एकमत आहे की डी द्यावं, पण बेतानं द्यावं आणि कॅल्शियमवर नजर ठेवून द्यावं.

बेतानं म्हणजे किती? हे कॅल्शियम किती चढलंय यावर ठरतं. आईंसारख्या पेशंटला मी रोज १००० ते २००० युनिट देतो. ६० हजारांची पुडी महिन्याला एक घेतली तर सरासरी रोजचे २००० च पडतात, आणि ज्यांना रोज गोळी लक्षात राहत नाही त्यांना मी तसंही देतो. दोन-तीन आठवड्यांनी नुसतं कॅल्शियम आणि अल्ब्युमिन. सगळं ठीक असेल तर तीन महिन्यांनी पूर्ण संच: डी, कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, क्रिएटिनिन, पीटीएच, सगळं एकाच सकाळी उपाशीपोटी काढलेल्या रक्तातलं. काही डॉक्टर अशा पेशंटलाही आठवड्याची पुडी देतात आणि वरचेवर कॅल्शियम तपासत राहतात, तेही चालतं. अट एकच, तपासत राहण्याची. आठ पुड्या हातात देऊन ‘दोन महिन्यांनी भेटा’ म्हणणं मात्र आईंच्या बाबतीत मला मान्य नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती केमिस्टच्या काउंटरवर घडते. बाजारातल्या कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांत कॅल्सिट्रिऑल घातलेलं असतं. हे डीचं आधीच तयार झालेलं तेज रूप. शरीराचा नेहमीचा लगाम त्याला लागत नाही, ते थेट आतड्यातून कॅल्शियम ओढतं. आणि आपण जे डी मोजतो त्यात ते दिसतही नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात बघा. आईंच्या गोळीत ते असेल तर निदान होईपर्यंत ती चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारा. मी असतो तर थांबवली असती. सहा लाख युनिटांचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. अशी तीन-चार इंजेक्शनं घेऊन डीचं विष झालेले पेशंट मी पाहिले आहेत. त्यांचंही कॅल्शियम खूप वाढतं, पण पीटीएच दबून तळाला गेलेलं असतं. कॅल्शियम जास्त आणि पीटीएच अगदी कमी असं दिसलं तर तो या चर्चेतला आजारच नव्हे, त्याची कारणं वेगळी शोधावी लागतात.

पुन्हा रक्त देण्याआधी आणखी काही. आई केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतात का? बऱ्याच यंत्रांवर बायोटिनमुळे पीटीएच खोटं कमी आणि डी खोटं जास्त दिसू शकतं. दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, डोस मोठा असेल तर आणखी आधीपासून. रक्तदाबासाठी थायाझाइड गटातली लघवीची गोळी चालू आहे का? ती लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवते, त्यामुळे रक्तातलं वाढतं. नावावरून कळत नाही, कारण रक्तदाबाच्या जोडगोळ्यांत ती लपलेली असते. मनाच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांत तर कॅल्शियम आणि पीटीएच दोन्ही वाढू शकतात. आणि रक्त काढताना दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला, मुठी उघडमीट करायला लावल्या, तरी कॅल्शियम थोडं जास्त येतं. आईंची नस सापडत नसेल तर तंत्रज्ञाला सांगा, पट्टा सोडा आणि दुसरा हात बघा.

तीन महिन्यांनंतर काय दिसू शकेल? डी ३० च्या वर गेलं, कॅल्शियम साडेनऊच्या आसपास बसलं आणि पीटीएच उतरून पन्नास-साठवर आलं, तर हाडांचे डॉक्टर बरोबर होते आणि मी उगाच शंका घेतली. मला आनंदच होईल. पीटीएच सावकाश उतरतं, सहा महिनेही लागतात, त्यामुळे ते १४२ वरून ९० वर आलं आणि कॅल्शियम शांत असलं तर आणखी थांबायचं.

डी भरलं आणि कॅल्शियम १०.९, ११.२ असं वर चढलं, पीटीएच मात्र होतं तिथेच राहिलं, तर झाकलेलं उघडं पडलं. नळाला पाणी आल्यावर टाकी ओसंडली. हे पॅराथायरॉइडच.

यांच्यामधली एक त्रासदायक अवस्था असते. डी भरलं, कॅल्शियम पूर्ण नॉर्मल, पण पीटीएच हटून बसलेलं. तेव्हा घाईने नाव द्यायचं नाही. आहारात कॅल्शियमच कमी आहे का, गव्हाच्या ग्लुटेनने आतडं बिघडलंय का, मूत्रपिंडातून कॅल्शियम गळतंय का, हाडांसाठीचं एखादं इंजेक्शन नुकतं घेतलंय का, हे सगळं चाळायचं आणि काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा मोजायचं.

याच टप्प्यावर २४ तासांची लघवी तपासतात. डी भरल्यानंतरच ती करा, आधी केली तर खोटी कमी येते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, मग दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळची, सगळी लॅबने दिलेल्या कॅनमध्ये. बाजारात जाताना ‘एकवेळची राहिली’ असं झालं तर तपासणी वाया गेली, प्रामाणिकपणे पुन्हा करा. ही तपासणी आणखी एका कारणासाठी लागते. काही घराण्यांत कॅल्शियम जन्मापासूनच थोडं जास्त असतं, कारण शरीराची कॅल्शियम ओळखण्याची खूणच वर सरकलेली असते. त्यांच्या लघवीत कॅल्शियम फार कमी जातं, हाडं सहसा ठीक असतात आणि ऑपरेशनने त्यांना काही फायदा होत नाही. मामा-मावश्यांपैकी कोणाचं कॅल्शियम जास्त सांगितलं गेलं होतं का, विचारून ठेवा. मुतखड्यामुळे आईंच्या बाबतीत ही शक्यता मला कमी वाटते.

आता स्कॅनबद्दल. दुसऱ्या डॉक्टरांची शंका बरोबर आहे, क्रम मात्र उलटा आहे. मानेची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन हे गाठ कुठे आहे ते सर्जनला दाखवण्यासाठी असतात. आजार आहे की नाही, हे ते सांगत नाहीत. आजार नक्की असूनही स्कॅन कोरा येतो, विशेषतः एकाहून अधिक ग्रंथी वाढलेल्या असतील तेव्हा. आणि आजार नसताना थायरॉइडमधली एखादी निरुपद्रवी गाठ चमकते, मग तिच्यात सुई घालणं, रिपोर्टची वाट बघणं, घरात रडारड, असा वेगळाच प्रवास सुरू होतो. ५८ व्या वर्षी थायरॉइडमध्ये छोटी गाठ बऱ्याच बायकांना असतेच. आधी रक्तावरून निदान पक्कं, मग ऑपरेशनचा निर्णय, मग स्कॅन.

त्याऐवजी आत्ता करण्यासारखी एक तपासणी आहे: हाडांची घनता, म्हणजे डेक्सा. फक्त सांगताना कमर आणि खुब्याबरोबर मनगटाजवळचं हाडही मोजायला सांगा. पॅराथायरॉइडमध्ये झीज तिथे आधी दिसते, आणि आपल्या बहुतेक केंद्रांत न सांगता ते कोणी करत नाही. जबड्यात, हातात किंवा पायात कुठे गाठीसारखा फुगवटा असेल तर तोही दाखवा. जुन्या, दुर्लक्षित पॅराथायरॉइडमध्ये हाडात पोकळ गाठी होतात आणि त्यांना हाडाचा ट्यूमर समजून खरवडून काढलेले पेशंट माझ्याकडे नंतर आले आहेत. कॅल्शियमची साधी तपासणी आधी झाली असती तर ते खरवडणं टळलं असतं.

समजा शेवटी पॅराथायरॉइडच निघालं. तर घाबरू नका. दहापैकी आठ पेशंटमध्ये एकाच ग्रंथीची साधी गाठ असते आणि कॅन्सर शंभरात एकालाही नसतो. ५० पेक्षा कमी वय, कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा १ ने जास्त, मुतखडा, मूत्रपिंडाचं काम कमी झालेलं, किंवा हाडांच्या घनतेचा टी-स्कोअर उणे २.५ आणि त्याखाली, यांतलं काहीही असेल तर आम्ही ऑपरेशन सुचवतो. आईंना मुतखडा होऊन गेलाय, म्हणजे निदान ठरलं तर त्या या यादीत आहेतच. सर्जन मात्र हेच काम वारंवार करणारा शोधा. या ग्रंथी लपण्यात पटाईत आहेत. माणसात त्या कोणाच्या लक्षात येण्याआधी एका भारतीय गेंड्यात सापडल्या! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला गेंडा १८४९ मध्ये मेला, रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन करताना थायरॉइडजवळचा तो छोटा पिवळसर गोळा टिपून ठेवला. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन १८८० मध्ये स्वीडनच्या उप्सालातल्या इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने केलं, आणि त्यातली गाठ काढण्याचं पहिलं ऑपरेशन व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी केलं ते १९२५ मध्ये. आजही कधी कधी गाठ मानेत न सापडता छातीत निघते. म्हणून अनुभवी हात हवा.

आणि ऑपरेशन करायचं ठरलं तरी आधी दिलेलं डी वाया जात नाही. गाठ निघाली की वर्षानुवर्षं उपाशी राहिलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखी ओढून घेतात, बोटांना मुंग्या येतात, हातापायांत पेटके येतात. डी आधी भरलेलं असेल तर हा त्रास कमी होतो. म्हणजे तुमच्या दोन डॉक्टरांचा रस्ता पहिले तीन महिने तरी एकच आहे, फक्त पुडी आठवड्याची नको आणि स्कॅन आत्ता नको.

तोवर घरी काय? कॅल्शियम जास्त असेल या भीतीने दूध-दही, नाचणी बंद करू नका. अन्नातलं कॅल्शियम तोडलं की पीटीएच आणखी वाढतं. आई नेहमी खातात तेवढं खाऊ द्या, पाणी भरपूर, एकादशी-प्रदोषाचे निर्जळी उपास मात्र सध्या नकोत. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर अशा पेशंटचं कॅल्शियम एकदम चढू शकतं. सारखी तहान, सारखी लघवी, थांबत नसलेली उलटी, सुस्ती किंवा असंबद्ध बोलणं, यांतलं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये नेऊन कॅल्शियम तपासा. आणि पडण्यापासून जपा. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घ्या, तिला कोणत्याही रिपोर्टची गरज नाही.

शेवटची एक विनंती. २०१८ च्या मुतखड्याची फाईल शोधा. खड्यासाठी भरती झाल्या असतील तर रक्ताच्या रिपोर्टात कुठेतरी कॅल्शियम असण्याची शक्यता आहे. नसेल तर गेल्या दहा वर्षांतली कुठलीही हेल्थ चेकअपची, विम्याची, मोतीबिंदूच्या आधीची तपासणी चालेल. कॅल्शियम आणि शेजारी अल्ब्युमिन, एवढे दोनच आकडे तारखेसह एका कागदावर उतरवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर आधी तो कागद ठेवा. तेव्हाही कॅल्शियम १०.६ असेल, तर तीन महिन्यांच्या आतच आपल्याला अर्धं उत्तर मिळालेलं असेल.